हजेरी क्रमांक आणि रजिस्टर नंबर

जून महिन्यात वर्गात एक नवा मुलगा दाखल होतो. त्याचे आडनाव 'आ'पासून सुरू होत असेल तर आपल्याला हजेरीपट नव्याने लिहावा लागतो, कारण त्याच्यामागच्या सगळ्यांचे क्रमांक एकेक घर पुढे सरकतात. जनरल रजिस्टरातला नंबर मात्र हलत नाही. तो दाखल्यावर जातो आणि मुलगा शाळा सोडून गेला तरी त्याचाच राहतो. एकाच मुलाला दोन नंबर कशाला, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या इतिहासात मात्र तो पुन्हा पुन्हा उभा राहिला. उत्तर चुकले की यंत्र सुरूच होत नसे, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच डिस्कवर लिहीत असे.

आधी यंत्र सुरू होणे म्हणजे काय ते पाहू. संगणक आज्ञावलीप्रमाणे चालतो. पण ती आज्ञावली बाहेरून आत आणण्यासाठीही एक आज्ञावली लागते. मग ती पहिली कोणी आणायची? केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला, तेव्हा डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने यावर तोड काढली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर ३१ आज्ञा तारांनी कायमच्या जोडून ठेवल्या होत्या. बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत आणि मग कागदी फितीवरचा कार्यक्रम वाचू लागत. या खटाटोपाला पुढे इंग्रजीत जे नाव मिळाले ते स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला उचलण्यावरून. 'संगणक बूट झाला' असे आपण म्हणतो, त्यातला बूट तो हाच.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या दर्शनी फलकावर तीन गोल खटके असत. त्यांतल्या शेवटच्या दोहोंवर शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशा सोळा खुणा. ऑपरेटर त्यांवर उपकरणाचा तीन अंकी पत्ता लावी आणि 'लोड' बटण दाबी. यंत्र त्या पत्त्यावरून फक्त २४ बाइट वाचून स्मृतीच्या आरंभी ठेवी. पहिल्या आठांत काम कोठून सुरू करायचे ते असे, उरलेल्या सोळांत पुढचे काय वाचायचे त्याच्या दोन आज्ञा असत. पुढचा सारा डोलारा या २४ बाइटांच्या आधाराने उभा राही. पत्त्याचा पहिला अंक वाहिनीचा, पुढचे दोन उपकरणाचे. पंच कार्डे वाचणाऱ्या यंत्राला ००सी हा पत्ता देण्याची रूढी होती.

येथवर सरळ आहे. पण एकदा प्रणाली जागी झाली की तिला बाकीची उपकरणे माहीत हवीत. ओएस/३६० या प्रणालीत प्रत्येक उपकरणाचा पत्ता आणि प्रकार कार्डांवर लिहून प्रणाली नव्याने घडवून घ्यावी लागे. त्याला काही तास लागत. यादीत नसलेले उपकरण केबलने जोडलेले असूनही प्रणालीच्या लेखी अस्तित्वातच नसे. म्हणजे याद्या दोन झाल्या: एक यंत्राच्या पत्त्यांची, दुसरी प्रणालीच्या मनातली. घोळ होतो तो या दोन याद्या जुळल्या नाहीत म्हणजे.

डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने आपल्या एस/३९० मेनफ्रेमसाठी लिनक्सचे फेरफार प्रसिद्ध केले. लिनक्सचा मूळ गाभा म्हणजे कर्नल. (लष्करातला नव्हे, इंग्रजीत दाण्याच्या आतल्या गराला हा शब्द आहे.) हे लिनक्स लहान संगणकांच्या जगातून आलेले, त्याला डिस्कांना ओळीने ए, बी, सी अशी नावे देण्याची सवय. म्हणजे हजेरी क्रमांकच! सुरुवातीच्या ओळीत ०१९२ आणि ०१९४ असे पत्ते दिले तर पहिली डिस्क ए, दुसरी बी. पुढे कोणी मध्ये ०१९३ घातली की बी हे नाव तिच्याकडे जाई आणि कालची बी आज सी होई. आता 'बी पुसून टाक' अशी जुनी टिपणातली आज्ञा कोणी दिली तर काय होईल, हे शिक्षकांना सांगायला नको.

कर्नल बदलताना या साऱ्याचा कस लागतो. समजा, सगळे नीट झाले असे वाटून यंत्र पुन्हा सुरू केले आणि ते अडले. अशा वेळी ते कोठवर गेले हे आधी पाहावे, कारण अडण्याची जागाच बरेच सांगून जाते.

पडद्यावर एक अक्षरही आले नाही तर दोष बहुधा अगदी आरंभी असतो. लिनक्सच्या बाजूला झिपल नावाचा छोटा कार्यक्रम आहे. कर्नल डिस्कवर नेमका कोणत्या खंडांत ठेवला आहे, याची नोंद तो डिस्कच्या आरंभी करतो. फाइलचे नाव तेथे नसतेच, फक्त जागा असते. म्हणून नवा कर्नल ठेवून झिपल चालवायचे राहिले, तर यंत्र जुन्याच जागी जाते. गंमत अशी की पुसलेल्या फाइलचा मजकूर तेथे तसाच शिल्लक असेल तर जुना कर्नल निमूटपणे चालूही होतो. मग एखाद्या दिवशी त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाते आणि यंत्र मुके होते. दोष त्या दिवशीचा नसतो, तो कित्येक आठवडे जुना असतो.

दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक. कर्नल सुरू होतो, भराभर संदेश देतो आणि शेवटी 'मूळ फाइल-व्यवस्था सापडत नाही' असे सांगून थांबतो. अरे, पण तू आलास तो त्याच डिस्कवरून ना? आम्हाला हा प्रश्न फार आवडतो. उत्तर असे की कर्नलला स्मृतीत आणले ते यंत्राने आणि झिपलच्या नोंदीने, पत्ता धरून. त्यानंतर सूत्रे कर्नलच्या हाती आली आणि त्याने स्वतःची यादी उघडली. त्या यादीत ही डिस्क नाही. जुनी दोन याद्यांची गोष्ट पुन्हा समोर आली! डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या कर्नलने यात भर घातली. यादीत न सांगितलेली उपकरणे तो दिसली तरी बंदच ठेवी. पत्ता घेऊन प्रत्येकाला 'चालू हो' असे सांगावे लागे.

तिसऱ्या प्रकारात यंत्र पूर्ण सुरू होते, पण जाळ्याशी संबंध तुटलेला असतो. मेनफ्रेमच्या जाळे-कार्डाला तीन पत्ते लागतात: एक वाचायला, एक लिहायला, एक माहितीसाठी. २.६ पूर्वी त्यांची जुळणी एका वेगळ्या फाइलमध्ये लिहीत. नव्या कर्नलमध्ये ती फाइल वाचणारेच कोणी उरले नाही, तिघांचा गट नव्या रीतीने बांधावा लागला. नेटवर्कवरून काम करणाऱ्याला मात्र यंत्र मेलेच असे वाटते, कारण त्याचे दार हेच.

त्या २.६ कर्नलच्या काळातच हजेरी क्रमांकाचा प्रश्नही मार्गी लागला. डिस्कला पत्त्यावरून स्थिर नाव मिळू लागले: मध्ये कितीही डिस्का घाला, ०१९२ ती ०१९२च.

आणि अडलेले यंत्र उठवायचे कसे? १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएम/३७० या प्रणालीने एका मेनफ्रेममध्ये अनेक आभासी यंत्रे चालवली. प्रत्येकाला आपले आभासी कार्डवाचकही दिले. तिच्या वंशातल्या झेड/व्हीएममध्ये आजही लिनक्सचा चांगला कर्नल ८० अक्षरी 'कार्डां'च्या गठ्ठ्यासारखा या वाचकात पाठवतात, आणि मग यंत्राला सांगतात: ००सी वरून सुरू हो.