भिंतीवरचं चित्र आणि बाजारातला भाव



आज थोडी लांबची गोष्ट सांगणार आहे, बिहारमधली. पण तिची सुरुवात आमच्याच गटाच्या बैठकीत झाली.

आमचा गट गोधड्या शिवतो. दिवाळीनंतर एक व्यापारी आला. म्हणाला, "३०० गोधड्या द्या. कापड माझं, नमुना माझा, नगाला ४५० रुपये." घरबसल्या १ लाख ३५ हजारांचं काम! निम्म्या जणी लगेच हो म्हणाल्या. एक काकू मात्र बोटं मोजत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, दाट टाक्याच्या गोधडीला ३० तास तरी बसावं लागतं. तासाला किती पडले?" हिशेब केला. १५ रुपये. आम्ही १२ जणी. प्रत्येकीला ११,२५० रुपये आणि त्यासाठी ७५० तासांचं काम. आमच्याकडे खुरपणीला सात तासांचे ३०० मिळतात.

मग वाद सुरू झाला. एक म्हणाली, "खुरपण काय रोज असते का?" तेही खरं. त्या दिवशी बैठक निर्णय न होताच उठली.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. पण हाच वाद पन्नास-साठ वर्षांपूर्वी मधुबनीच्या बायकांपुढे होता, हे काही अभ्यासक्रमात नव्हतं. ते मी नंतर वाचलं. तेच आज सांगते.

मधुबनी म्हणजे बिहारमधला मिथिलेचा भाग, नेपाळच्या सीमेजवळचा. तिथं लग्न ठरलं की नवरानवरीच्या खोलीच्या भिंती बायका रंगवतात. त्या खोलीला म्हणतात कोहबर. कमळ, बांबू, मासे, पोपट, कासव अशी चित्रं. भिंत शेणामातीनं सारवलेली, रंग काजळीचे, हळदीचे, तांदळाच्या पिठाचे. आई काढते, मुलगी बघते, आणि मुलगी सासरी जाऊन काढते. आपल्या रांगोळीसारखंच. कुणी पैसे मागत नाही, कुणी देत नाही. नाव कुणाचंच नसतं.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरं पडली, भिंती उघड्या पडल्या. नुकसानीची पाहणी करणाऱ्या डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला ती आतली चित्रं दिसली. त्यांनी फोटो काढले, १९४९ मध्ये 'मार्ग' या कलेच्या मासिकात लेख लिहिला. बाहेरच्या जगाला कळलं. बायकांच्या हातात मात्र त्यातून एक पैसा आला नाही. कौतुक झालं, धंदा झाला नाही. कारण भिंत विकता येत नाही.

मग आला १९६६-६७ चा दुष्काळ. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडायला गेल्या, तुमच्या सासूबाई किंवा आजी सांगत असतील. मिथिलेत पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या बायकांना कामावर बाहेर पडणंही अवघड होतं. त्या वेळी हस्तकलेचं काम बघणाऱ्या पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं एका चित्रकाराला तिकडं पाठवलं गेलं. हा चित्रकार आपला मराठी माणूस, भास्कर कुलकर्णी. त्यांनी गावोगाव फिरून बायकांना कागद दिला आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा.

साधी गोष्ट वाटते ना? पण सगळा फरक इथंच पडला. चित्र तेच, हात तेच. कागदाची गुंडाळी मात्र दिल्लीला जाऊ शकत होती. सुरुवातीला थोड्याच जणी तयार झाल्या. जितवारपूर गावच्या सीता देवी आणि जगदंबा देवी त्यांतल्या. चित्रं दिल्लीत विकली जाऊ लागली. १९७५ मध्ये जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली, १९८१ मध्ये सीता देवींना.

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण आमचा व्यापारी या भागातला आहे.

मागणी वाढली तसे दलाल गावात आले. त्यांना हवी होती पटकन होणारी, एकसारखी, स्वस्त चित्रं. तेच रामसीता, तेच राधाकृष्ण, पुन्हा पुन्हा. भाव नगावर. नगावर भाव आला की बाई काय करते? हात उचलते. बारीक रेघ सोडून देते, कारण बारीक रेघेचे वेगळे पैसे नसतात. चित्र उतरतं. उतरलेलं चित्र बघून दलाल म्हणतो, याला इतके कशाला द्यायचे? भाव आणखी पडतो. काम भरपूर, पण जी गोष्ट विकायला निघालो तीच हातातून निघून चालली. आपल्या भाषेत, बियाणं दळून खाल्लं.

१९७७ मध्ये रेमंड ओवेन्स नावाचे अमेरिकन अभ्यासक तिथं आले. त्यांनी हे बघितलं. चित्रकर्त्यांना सांगितलं, घाई करू नका, वेळ घ्या, तुम्हाला सुचेल ते काढा, मी जास्त भावानं घेतो. तिथल्या कलाकारांची एक संघटनाही उभी राहिली, मास्टर क्राफ्ट्समेन असोसिएशन ऑफ मिथिला. पुढं अमेरिकेत एक संस्था काढली गेली. तिची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्र घेताना एकदा पैसे द्यायचे. ते चित्र अमेरिकेत विकलं गेलं की नफ्यातला वाटा त्या बाईला पुन्हा द्यायचा. म्हणजे एकाच चित्राचे दोनदा पैसे. दूध संघात वर्षाअखेरीला फरक बिल मिळतं ना, तसं. विक्रीचा भाव बाईपासून लपला नाही. आणि मन लावून काढलं तर फायदा तिचाच, हे तिला कळलं.

तिसरी वाट गंगा देवींची. संसारात त्यांनी फार सोसलं. सवत आली, हलाखीचे दिवस आले. त्यांनी कोहबरची बारीक रेघ सोडली नाही, पण त्या रेघेनं नव्या गोष्टी सांगितल्या. माणसाचं जन्मापासूनचं आयुष्य काढलं. १९८५ च्या सुमारास भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेल्या, तर तिथं जे पाहिलं ते काढलं. कर्करोग झाला, तर दवाखाना आणि उपचार काढले. १९८४ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये निधन. त्यांच्या चित्राला भाव होता, कारण ते दुसरं कुणी काढू शकत नव्हतं. ज्या कलेत कुणाचंच नाव नसायचं, तिथं बाईचं नाव चित्राखाली आलं.

सगळ्याच गंगा देवी होत नाहीत, हेही खरं. आणि सुरुवातीला पुढं आलेल्या बहुतेक ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या होत्या. दुसाध या दलित समाजातल्या बायका म्हणाल्या, आम्ही का मागं राहावं? त्यांनी कुणाची नक्कल केली नाही. आपण अंगावर गोंदण काढतो ना, तसं गोंदणाचं नक्षीकाम त्यांनी कागदावर आणलं. त्याला गोदना शैली म्हणतात. आज तिला वेगळी ओळख आहे. दुलारी देवी मच्छीमार समाजातल्या, चित्रकार बायकांच्या घरी धुणीभांडी करायच्या. बघत बघत तिथंच शिकल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये मधुबनी चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

एक गोष्ट आपल्या घरची. हेच भास्कर कुलकर्णी पुढं डहाणूकडच्या वारली पाड्यांवर गेले. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, म्हणजे ती कला मुळात बायकांची. पण कागद आला, शहर आलं, आणि पुढं आले ते पुरुष. जिव्या सोमा म्हसे मोठेच कलावंत. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि तो मान योग्यच होता. तरी मला वाटतं, आपण विचार करावा. तीच भिंत, तोच कागद, तोच चित्रकार आणणारा. मिथिलेत नाव बायकांचं झालं, इथं भिंत रंगवणाऱ्या सवाशिणींची नावं आपल्याला सांगता येत नाहीत. चौक काढणं एक आणि बाजारात उभं राहणं दुसरं. दुसऱ्या ठिकाणी आपण गेलो नाही, तर आपल्या जागी कुणीतरी जातंच.

आता आमच्या गटाचं काय झालं ते सांगते.

पुढच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. मग आम्ही व्यापाऱ्याला दुकानातला विक्रीचा भाव विचारला. त्यानं सांगितला नाही. ३०० गोधड्यांचं काम आम्ही घेतलं नाही. त्याऐवजी ५० दुपटी शिवून द्यायचं ठरलं, तासाला ४० रुपये धरून काढलेल्या भावानं. ते काम आहे रोकड्यासाठी. कारण रोकडा लागतोच, मुलांच्या फीला, औषधाला. उरलेल्या वेळात प्रत्येकीनं स्वतःच्या नमुन्याची एक गोधडी शिवायची. कोपऱ्यात शिवणारीचं आणि गटाचं नाव टाक्यानं घालायचं. ती नगावर द्यायची नाही, प्रदर्शनात आपणच विकायची. विकली की ठरावीक वाटा गटाच्या खात्यात, बाकी शिवणारीला.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दोघी जणी रुसल्यात. त्यांच्या घरी पैशाची निकड होती, ते ११ हजार त्यांना हवे होते. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. गटाच्या निधीतून त्यांना कर्ज दिलं, पण कर्ज म्हणजे कमाई नव्हे. गोधड्या विकल्या जातील का, ते उन्हाळ्यात कळेल.

तुमच्या गटाकडंही असा कुणी येईल. गोधडीसाठी, कशिद्यासाठी, मातीच्या दिव्यांसाठी. हो किंवा नाही म्हणायच्या आधी एवढं करा. एक नग करायला किती तास लागतात ते घड्याळ लावून मोजा. शेवटी तो कितीला विकला जाणार, ते विचारा. नमुना कुणाचा आणि नाव कुणाचं, ते कागदावर लिहून घ्या. आणि या कामामुळं आपला हात सुधारणार की बिघडणार, ते गटातल्या सगळ्यात जुन्या बाईला विचारा. आमच्याकडं त्या काकूंनी बोटं मोजली नसती, तर आज आम्ही १५ रुपये तासानं टाके घालत असतो.