शेफर ट्रेल : नवशिक्या चालकांसाठी कड्यावरची वाट

डांबरी रस्ता सोडून प्रथमच 'फोर व्हील ड्राइव्ह' गाडी मातीच्या वाटेवर उतरविणाऱ्यांना अमेरिकेत सुचविल्या जाणाऱ्या वाटांत युटाह राज्यातील शेफर ट्रेलचा समावेश होतो. मोआब शहराजवळच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात, 'आयलंड इन द स्काय' या पठाराच्या कड्यावरून ती नागमोडी वळणे घेत सुमारे १,५०० फूट खाली उतरते. खडकांच्या पायऱ्या चढणे वा रुतलेली गाडी बाहेर काढणे, असली कसरत कोरड्या दिवसांत येथे सहसा करावी लागत नाही. तरीही 'सोपी' हे विशेषण जपूनच वापरावे लागते. वाट अवघड नाही. मात्र तिच्या कडेला दरी आहे.

ही वाट मुळात मोटारींसाठी नव्हतीच. मूलनिवासी लोकांच्या पायवाटेची शेफर घराण्यातील पशुपालकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गुरे नेण्यासाठी डागडुजी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमचा शोध सुरू झाला आणि खनिज वाहणाऱ्या मालमोटारींसाठी ती रुंद झाली. १९६४ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यानंतर येथे पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या.

नवख्या चालकाची खरी परीक्षा उतारावर होते. ब्रेक सतत दाबून धरल्यास तो तापतो व निकामी होऊ शकतो. म्हणून 'लो रेंज'मध्ये खालचा गिअर टाकून गाडी इंजिनाच्या जोरावरच रोखावी. समोरून गाडी आल्यास चढणारीला आधी वाट द्यावी. सह्याद्रीतील घाटांत गाडी चालविलेल्यांना हा नियम नवा नाही, पण कठड्यांची सवय मात्र येथे विसरावी लागते. जमिनीपासून पुरेशी उंची असलेली गाडी आवश्यक आहे. पाऊस वा बर्फ पडल्यास वाट निसरडी होते, प्रसंगी बंदही ठेवली जाते. निघण्यापूर्वी उद्यानाच्या माहिती केंद्रात चौकशी करावी आणि जवळच्या कड्यावरून सगळी वळणे एकदा डोळ्यांखाली घालावीत. मन कचरले तर परत फिरण्यात कमीपणा नाही. बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा खर्च हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो.

पाणी सोबत हवेच. वाटेत ते मिळत नाही. गाडी मार्गाबाहेर काढण्यास सक्त मनाई आहे. येथील मातीवर सूक्ष्म जीवांनी धरलेली काळसर साय चाकाखाली एकदा मोडली, की भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

तळाशी दोन फाटे फुटतात. सुमारे १०० मैलांच्या 'व्हाइट रिम' मार्गासाठी परवाना लागतो. दुसरा पोटॅश रस्ता मोआबकडे परततो. त्याच परिसरात 'थेल्मा अँड लुईस' (१९९१) या चित्रपटाचा अखेरचा प्रसंग चित्रित झाला. पुढे पोटॅशच्या खाणीचे निळेशार तलाव दिसतात. ही निळाई नैसर्गिक नाही; उन्हाने पाणी लवकर आटावे म्हणून त्यात रंग मिसळलेला असतो.