चावी बाहेर, झडप आत : न गोठणाऱ्या नळाचा इतिहास

प्रस्तावना

घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक नळ असतो. बागेला पाणी घालायला, गाडी धुवायला, अंगण साफ करायला तो वापरतात. तुम्ही नागपूर, चेन्नई किंवा अहमदाबादला शिकत असाल, तर या नळाचा तुम्ही कधी वेगळा विचार केला नसेल. वायसर झिजला की नळ गळतो, आपण वायसर बदलतो. आटे गेले की नळच बदलतो. पण लेह, मिनियापोलिस किंवा विनिपेग येथे हाच नळ हिवाळ्यात भिंतीतला पाइप फोडू शकतो. फुटलेला पाइप त्या रात्री कळतही नाही. बर्फ वितळला की मग भिंतीतून पाणी वाहू लागते.

या टिपणात आपण एक प्रश्न घेणार आहोत : बाहेरचा नळ गोठून फुटू नये यासाठी माणसाने कोणकोणते उपाय केले आणि त्यांतले कोणते टिकले? उत्तर आधीच सांगून ठेवतो. पाइप अधिक मजबूत करण्याचा मार्ग टिकला नाही. टिकले ते झडपेची जागा बदलण्याचे आणि पाण्याला कोंडून न ठेवण्याचे मार्ग. हे असे का, ते इतिहासाच्या क्रमाने पाहू.

१. पाणी धातू फोडते, हे कसे कळले?

बहुतेक द्रव गोठताना आकसतात. पाणी मात्र गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. फ्लॉरेन्सच्या अकादेमिया देल चिमेंतो या संस्थेतील अभ्यासकांनी धातूच्या पोकळ गोळ्यांत पाणी भरून ते बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात गोठवून पाहिले. धातूचे गोळे फुटले. या प्रयोगांचा वृत्तांत १६६७ मध्ये प्रसिद्ध झाला.

यानंतरचा प्रयोग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातील क्वेबेक येथे ब्रिटिश तोफखान्यातील मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरले, त्यांच्या तोंडात लोखंडी बूच ठोकले आणि ते उघड्यावर ठेवले. काही गोळ्यांचे बूच ४०० फुटांहून अधिक दूर उडाले. जिथे बूच निसटणार नाही असे पक्के अडकवले होते, तिथे गोळाच चिरला.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. बूच सुटले, तेव्हा गोळा वाचला. बूच सुटले नाही, तेव्हा गोळा फुटला. थंडी तीच, पाणी तेच, लोखंडही तेच. फरक होता तो वाट मिळण्याचा आणि न मिळण्याचा. पुढच्या दोनशे वर्षांतला नळाचा इतिहास याच निरीक्षणाभोवती फिरतो.

२. सतत दाबाचे पाणी आणि घट्ट बंद होणारा नळ

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडच्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळी येई. आपल्याकडच्या अनेक शहरांत आजही तसेच येते. लोक टाकी भरून ठेवत. १८३१ मध्ये नॉटिंगहॅम येथे अभियंता थॉमस हॉक्सली यांनी सतत दाबाखाली पाणी देणारी योजना उभारली. पाइप सदैव भरलेला असल्याने बाहेरची घाण आत शिरत नाही, हा तिचा मोठा फायदा होता.

पण सतत दाबाला जुना नळ पुरेना. त्या काळचा नळ म्हणजे भोक पाडलेला एक निमुळता खुंटा असे. तो पाव फेरा फिरवला की पाणी चालू, पुन्हा फिरवला की बंद. असा नळ झटक्यात बंद होतो. त्यामुळे वाहत्या पाण्याचा धक्का पाइपला बसतो. शिवाय खुंटा झिजला की गळती सुरू होते. १८४५ मध्ये रॉदरहॅम येथील एडवर्ड क्राइम्स यांनी आट्यांच्या नळाचे पेटंट घेतले. चावी फिरवली की आट्यांचा दांडा हळूहळू खाली जातो आणि वायसर एका गोल बैठकीवर दाबून बसवतो. पाणी सावकाश थांबते आणि पूर्ण थांबते. तुमच्या घरात जुन्या पद्धतीचा पितळी नळ असेल, तर तो उघडून पाहा. तीच रचना दिसेल.

थंड देशांत मात्र या दोन सुधारणांचा एकत्रित परिणाम वेगळा झाला. आता भिंतीतला पाइप रात्रंदिवस भरलेला होता आणि त्याच्या टोकाला थेंबही न सोडणारे बूच बसले होते. विल्यम्स यांच्या गोळ्याची परिस्थिती घराघरांत तयार झाली.

३. तीन उत्तरे : झाकणे, पुरणे, रिकामे करणे

पहिले उत्तर झाकण्याचे. नळाला गोणपाट गुंडाळणे, रस्त्यावरच्या हायड्रंटभोवती लाकडी पेटी करून तिच्यात भुसा भरणे, असे उपाय केले जात. आजचे फोमचे टोपण हा त्याच कुळातला उपाय. झाकण उष्णता निर्माण करत नाही, फक्त उष्णता जाण्याचा वेग कमी करते. एखाद्या थंड रात्रीपुरते ते पुरते; आठवडाभर शून्याखाली राहिलेल्या हवेपुढे पुरत नाही.

दुसरे उत्तर पुरण्याचे. जमिनीत जसजसे खाली जाल, तसतसा हवेच्या तापमानाचा परिणाम कमी होतो आणि उशिरा पोहोचतो. हिवाळ्यात जमीन ज्या खोलीपर्यंत गोठते तिला गोठणरेषा म्हणू. पाइप तिच्याखाली टाकायचा, हा थंड प्रदेशातील नियम. अमेरिकेतील मिनेसोटाच्या उत्तर भागात इमारतीच्या पायासाठीसुद्धा किमान ६० इंच खोली धरतात. तरीही ही रेषा कायमची आखलेली नसते. २०१४ च्या हिवाळ्यात विनिपेगमध्ये गोठण नेहमीपेक्षा खोल गेले आणि दोन हजारांहून अधिक घरांचे पुरलेले पाइप गोठले. नगरपालिकेने अनेक कुटुंबांना नळाची बारीक धार सतत चालू ठेवायला सांगितले.

पण पाणी वापरण्यासाठी पाइपला कुठेतरी जमिनीवर यावेच लागते. त्या शेवटच्या दोन-तीन फुटांसाठी तिसरे उत्तर शोधले गेले : काम झाले की तो भाग रिकामा करायचा. अंगणातल्या आणि रस्त्यावरच्या नळांत झडप जमिनीत, गोठणरेषेच्या खाली ठेवली. वरची मूठ एका लांब दांड्याने तिच्याशी जोडली. झडप बंद झाली की तिच्यालगतचे एक छोटे भोक उघडते आणि उभ्या नळीतले पाणी खालच्या खडीत झिरपून जाते. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे १८५३ मध्ये सुरू झालेली मर्डॉक ही कंपनी अशा न गोठणाऱ्या नळांसाठी ओळखली गेली. याच तत्त्वावरचे कोरडे हायड्रंट उत्तर अमेरिकेच्या थंड शहरांत आजही दिसतात. या उपायाला एक किंमत आहे. ज्या भोकातून पाणी बाहेर जाते, त्यातून जमिनीतले दूषित पाणी आतही येऊ शकते. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी अशा नळाची रचना फार काळजीपूर्वक करावी लागते.

भिंतीवरच्या नळासाठी हीच कल्पना आडवी केली गेली. चावी भिंतीबाहेर राहिली. वायसर आणि बैठक मात्र एका लांब नळीच्या आतल्या टोकाशी, घराच्या उबदार बाजूला गेली. दांडा ४ इंचांपासून १२ इंचांपर्यंत किंवा त्याहून लांब असतो. नळ बंद केला की बाहेरच्या भागातले पाणी उताराने गळून जाते. नीट पाहिले तर ही क्राइम्स यांचीच झडप आहे. ती फक्त हातभर आत सरकली आहे.

४. दोष बर्फाचा की कोंडलेल्या पाण्याचा?

कारागिरांनी उपाय शोधला, पण पाइप नेमका कसा फुटतो याविषयीचा समज बराच काळ अपुरा होता. बर्फ फुगतो आणि पाइपच्या भिंती बाहेर ढकलतो, असे सर्रास मानले जाई. तसे असेल, तर पाइप बर्फ झालेल्या जागीच फुटायला हवा. प्रत्यक्षात तो अनेकदा दुसरीकडे, बर्फ नसलेल्या भागात फुटलेला आढळतो.

१९७० च्या दशकात अल्बर्टा विद्यापीठातील आर. आर. गिल्पिन यांनी पाइपमधील बर्फाच्या वाढीचा अभ्यास केला. साचलेले पाणी शून्याच्या काही अंश खाली जाऊनही द्रव राहते. मग अचानक फांद्यांसारखे स्फटिक पसरतात आणि मार्ग अडतो. पुढे इलिनॉय विद्यापीठातील इमारत संशोधन विभागाने १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की बर्फाचा बोळा तयार झाल्यावर तो बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि त्या दाबाने पाइप फुटतो.

एक सोपे गणित करून पाहा. बोळा आणि बंद नळ यांच्यात १ मीटर लांबीचे पाणी अडकले आहे. त्यातले १ सेंटिमीटर पाणी गोठले. फुगवट्यामुळे बर्फाला सुमारे ०.०९ सेंटिमीटर जास्त जागा लागते, म्हणजे उरलेल्या ९९ सेंटिमीटर पाण्याला तितके दबावे लागते. पाण्याचा आयतन स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २.२ गिगापास्कल आहे. पाइप अजिबात ताणला जात नाही असे धरले, तर दाब सुमारे २ मेगापास्कलने, म्हणजे २० बारने वाढतो. घरातल्या पाण्याचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. आणखी काही सेंटिमीटर पाणी गोठू द्या, आकडा शंभरीच्या पुढे जातो. जाड पाइप घेतला तर फुटायला थोडा वेळ लागेल, एवढेच.

आता नळ किंचित उघडा ठेवा. त्याच १ सेंटिमीटर बर्फाने सरकवलेले पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडेल आणि दाब वाढणारच नाही. थंड रात्री नळ ठिबकत ठेवण्याच्या जुन्या सल्ल्यामागचे मुख्य कारण हे आहे. क्वेबेकच्या सुटलेल्या बुचाचे काम इथे उघडा नळ करतो.

५. नळ बदलताना हा इतिहास कसा उपयोगी पडतो?

साधा नळ काढून न गोठणारा नळ बसवताना प्रत्येक पायरीला वरच्या इतिहासातले एक कारण आहे.

प्रथम घरातली मुख्य झडप बंद करा आणि बाहेरचा नळ उघडून पाइप रिकामा करा. जुना नळ सोडवताना एका पान्याने नळ फिरवा आणि दुसऱ्या पान्याने मागचा पाइप धरून ठेवा, नाहीतर भिंतीतला जोड पिळवटतो. नवा नळ निवडताना भिंतीची जाडी मोजा. बैठक भिंतीच्या आत उबदार जागी पोहोचली नाही, तर लांब दांड्याचा काही उपयोग नाही. नळ बसवताना त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे उरलेले पाणी गळून जाईल. उतार आतल्या बाजूला झाला, तर पाणी नळीतच साचते.

शेवटची सूचना सर्वांत जास्त मोडली जाते : हिवाळ्यापूर्वी रबरी नळी काढून ठेवा. नळी जोडलेली राहिली, तर नळातले पाणी बाहेर पडत नाही. मग न गोठणारा नळही गोठतो आणि फुटतो. वाट पुन्हा बंद झालेली असते.

६. उत्तर जसेच्या तसे उचलता येत नाही

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली १५ ते २० अंशांपर्यंत उतरतो. अशा भागांतील पाणीपुरवठा व सांडपाणी व्यवस्थेसाठी भारतीय मानक संस्थेची आयएस ६२९५ ही स्वतंत्र संहिता आहे.

मग तिथे अमेरिकी पद्धतीचा भिंतीतला नळ बसवला की प्रश्न सुटेल का? त्या नळाचे गृहीतक आठवा : झडप घराच्या उबदार बाजूला. हे गृहीतक घर रात्रंदिवस तापवलेले असेल तरच खरे ठरते. लडाखच्या पारंपरिक घरात चुलीची किंवा बुखारीची ऊब प्रामुख्याने एका खोलीत असते. बाकीच्या खोल्या रात्री थंड पडतात. तिथे झडप फूटभर आत नेऊन फार फरक पडत नाही. गोठणरेषेखाली पुरलेला पाइप आणि वापरानंतर रिकामी होणारी उभी नळी, हे मार्ग तिथे अधिक योग्य ठरतात. हिवाळ्यात नळ बंद पडला, की कोणाला तरी झऱ्यावरून किंवा टँकरवरून पाणी वाहून आणावे लागते. म्हणून तिथे ‘घरोघरी नळ’ याचा अर्थ ‘जानेवारीतही चालणारा नळ’ असाच घ्यायला हवा.

याच गृहीतकाची दुसरी बाजू फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासने पाहिली. कडाक्याच्या थंडीत लाखो घरांची वीज गेली, घरे आतूनही थंड पडली आणि ठिकठिकाणी पाइप फुटले. घरची ऊब गेली, तेव्हा ‘आतली बाजू’ सुरक्षित राहिली नाही.

थोडक्यात

पाणी गोठताना फुगते, हे १६६७ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. सतत दाबाचा पुरवठा आणि घट्ट बंद होणारा नळ यांमुळे ते ज्ञान घरगुती अडचण बनले. कारागिरांनी झडप खाली किंवा आत सरकवून ती सोडवली. कारणाचा नेमका उलगडा प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. उपाय आधी आणि उलगडा नंतर, असा क्रम तंत्रज्ञानाच्या इतिहासात तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. मात्र उलगडा झाल्याशिवाय उपाय नव्या ठिकाणी नेणे धोक्याचे असते, कारण तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे कळत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. महाबळेश्वरला काही वर्षी वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, पण त्या रात्री नळाचे पाइप फुटत नाहीत. दवाचा पातळ थर आणि पाइपमधील पाणी यांच्या उष्णतेचा विचार करून कारण लिहा.

२. वरच्या गणितात पाइप ताणला जात नाही असे धरले आहे. तांब्याऐवजी लवचीक प्लास्टिकचा पाइप असेल, तर उत्तर कोणत्या दिशेने बदलेल?

३. तुमच्या परिसरातील एखादे साधन घ्या. ते कोणत्या हवामानासाठी बनले आहे आणि त्यामागे कोणते न बोललेले गृहीतक आहे, ते शोधा.