चिन्ह मधोमध, पण करार कोणाकडे?

फळ्यावर २ + ३ × ४ लिहून उत्तर विचारले, की काही मुले हमखास २० सांगतात. आपण 'कंचेभागुबेव'ची आठवण करून देतो आणि उत्तर १४ येते. पण १४ च का? निसर्गाचा तसा नियम नाही. दोन संख्यांच्या मधोमध चिन्ह लिहायचे म्हटले, की आधी कोणती क्रिया करायची याचा करार करावाच लागतो.

ही रीत फार प्राचीन नाही. + आणि − ही चिन्हे छापील पुस्तकात आली ती १४८९ साली, योहानेस विडमन यांच्या लाइपझिगला छापलेल्या पुस्तकात. × हे चिन्ह विल्यम ऑट्रेड यांच्या १६३१ च्या ग्रंथातले. पुढे १९२० च्या दशकात पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांनी दाखवले, की चिन्ह आधी लिहिले तर कंसही नकोत आणि करारही नको: + २ × ३ ४. आपण मराठीत क्रिया शेवटी सांगतो: 'तीनला चारने गुणा, त्यात दोन मिळवा.' तिथेही घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो मधोमध लिहिण्यात.

संगणकापुढेही हाच प्रश्न आला. १९५७ च्या फोरट्रान भाषेच्या भाषांतरकाने एक गमतीदार युक्ती वापरली. तिचे सोपे रूप असे: सुरुवातीला (( आणि शेवटी )) लावायचे, + च्या जागी ))+(( लिहायचे आणि × च्या जागी )×(. आपले उदाहरण मग ((२))+((३)×(४)) असे होते. करार कंसांत उतरला! मुलांना हे जरूर करून पाहू द्यावे.

फलनांवर आधारलेल्या भाषांत + हेही दोन संख्या घेणारे एक फलनच असते. त्यामुळे आज्ञावली लिहिणारा स्वतःची चिन्हे घडवू शकतो. समजा, सदिशांच्या बेरजेसाठी +: आणि सदिशाला संख्येने गुणण्यासाठी *: ही चिन्हे कोणी केली आणि 'सदिश' नावाच्या मोड्यूलमध्ये, म्हणजे फलनांच्या पेटीत, ठेवली. आपण ती पेटी वापरायला घेतली. चिन्हे आली, त्यांचा करारही आला का?

या प्रश्नाला तीन भाषांनी तीन उत्तरे दिली. स्टँडर्ड एमएल (व्याख्या १९९०) म्हणते, नाही. चिन्ह मधोमध लिहायचे, हा करार पेटीतच राहतो. पेटीचे नाव लावले तर चिन्ह साध्या फलनासारखे आधी लिहावे लागते. मधोमध हवे असेल तर आपल्या लेखनात ० ते ९ पैकी अग्रक्रम नव्याने जाहीर करावा लागतो. अंक चुकला, तरी यंत्र तक्रार करीलच असे नाही.

त्याच वर्षीच्या हास्केलमध्ये करार चिन्हाबरोबर प्रवास करतो. मात्र कर्त्याने तो जाहीरच केला नसेल, तर चिन्हाला सर्वांत वरचा ९ हा अग्रक्रम मिळतो. मग +: आणि *: समान पातळीवर येतात, गणित डावीकडून उजवीकडे होते आणि वर्गातले ते २० पुन्हा भेटते!

फ्रान्समधील इन्रिया संस्थेच्या ओकॅमल भाषेने तिसरी वाट धरली. तिथे चिन्हाचा आरंभ पाहूनच अग्रक्रम ठरतो. +: ची सुरुवात + ने होते, म्हणून त्याला बेरजेची पायरी. जाहीर करणे नाही, विसरणेही नाही. पण निवडीचे स्वातंत्र्यही नाही. २०१० पासून तिथे सदिश.(क +: ख) असेही लिहिता येते; पेटी त्या कंसापुरतीच उघडते.

स्वातंत्र्य, सोय आणि निश्चिती यांपैकी प्रत्येक भाषेने काही मिळवले, काही सोडले. म्हणून २० सांगणाऱ्या मुलाला एकदम 'चूक' म्हणू नये. त्याला गुणाकार येतो, बेरीजही येते. फक्त करार त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. तो पोहोचवणे हे आपले काम.