मुंबईची ३९ मिनिटे

आमच्या संग्रही आजोबांच्या जन्माची एक जुनी चिठ्ठी आहे. साल १९११, स्थळ गिरगाव, वेळ सकाळी ७ वाजून १० मिनिटे. आणि त्यापुढे पणजोबांच्या हस्ताक्षरात दोन अक्षरे: 'मुं. वे.' मध्यंतरी आमच्या एका विद्यार्थ्याने ही वेळ संगणकात घालून ग्रीनिचच्या वेळेत तिचे रूपांतर करून दाखविले. उत्तर तत्काळ आले: १ वाजून ४० मिनिटे. ते चुकीचे होते. खरे उत्तर २ वाजून १९ मिनिटे हे होय.

ही चूक विद्यार्थ्याची नव्हे. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक तारीख-वेळेचे गणित प्रत्येक वेळी नव्याने मांडीत बसत नाहीत. त्यासाठी तयार सूत्रांचा एक लहानसा संच ते उसना घेतात. त्यास ते 'लायब्ररी' म्हणतात. असे बहुतेक संच आपली माहिती एकाच कोष्टकातून घेतात. अमेरिकेत आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८६ च्या सुमारास सुरू केलेला 'टाइम झोन डेटाबेस' तो हाच. कोणत्या प्रदेशाने कोणत्या दिवशी घड्याळ किती पुढे-मागे केले, याची ती वहीच आहे. या वहीत हिंदुस्थानास एकच खाते आहे, आणि त्याचे नाव 'कोलकाता'. त्या खात्यानुसार १९०६ च्या १ जानेवारीपासून ग्रीनिचपुढे साडेपाच तास ही वेळ सुरू झाली.

कागदोपत्री हे खरे आहे. तथापि मुंबईने ती वेळ मनापासून स्वीकारली नाही. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी तिच्या जागी मद्रासची वेळ लादू पाहिली, तेव्हाच लोकमत खवळले होते. राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हाही वादाचा विषय झाला, आणि अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १९०६ साली, बंगालच्या फाळणीने देश तापला असता, नवी प्रमाणवेळ आली. जानेवारीतच एका गिरणीतील कामगारांनी तिच्याविरुद्ध काम बंद पाडले. लोकांस विश्वासात न घेता वेळ बदलली, हा सर फिरोजशहा मेहता यांचा आक्षेप होता. रेल्वेने व सरकारी कचेऱ्यांनी प्रमाणवेळ पाळली. नगरपालिकेने मात्र जवळजवळ अर्धशतक आपली वेळ सोडली नाही. एकाच शहरात दोन घड्याळे, ३९ मिनिटांच्या अंतराने चालत राहिली. म्हणूनच पणजोबांना ती दोन अक्षरे लिहावी लागली. आणि गंमत अशी, की ज्या कोलकात्याचे नाव त्या खात्यास दिले आहे, त्या नगरानेही आपली स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत राखली होती.

मग कोष्टककारांनी हे का गाळले? त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. संगणकांच्या एका मोठ्या परंपरेत काळाची मोजणी १ जानेवारी १९७० पासून सेकंदांनी होते. त्या दिवसानंतर ज्या गावांची घड्याळे एकसारखी चालली, त्यांस एकच खाते पुरे, असा कोष्टकाचा नियम आहे. मागील काळाची हमी ते देत नाही. व्यवहारास हा नियम योग्यच आहे. परंतु वापरणारास हमीची ही सीमा दिसत नाही. त्यास दिसते ते फक्त उत्तर. आणि १९११ चे उत्तर आजच्या उत्तराइतक्याच ठामपणे पुढे येते.

एकोणचाळीस मिनिटांत आकाश सुमारे दहा अंश फिरते. पत्रिका मांडणारास एवढ्याने लग्न बदलू शकते. आम्हांस पत्रिकेची चिंता नाही. चिंता आहे ती कुटुंबांतील जुन्या नोंदींची. त्या आज घरोघरी संगणकात उतरविल्या जात आहेत, आणि उतरविताना 'मुं. वे.' ही अक्षरे निरर्थक समजून वगळली जातात. तारीख राहते, आकडा राहतो. ज्या घड्याळाने तो मोजला, ते मात्र नाहीसे होते. वाचकांस आमची एवढीच विनंती, की जुना कागद उतरविताना ही दोन अक्षरेही उतरवावी. ज्या वेळेसाठी एका शहराने इतकी वर्षे सरकारशी हुज्जत घातली, तिचा पुष्कळ घरांतून एवढाच पुरावा उरला आहे.