गुंग महल आणि दोन भाषांचं घर

शाळेत नवीन प्रवेश सुरू झाले की एखादी आई हमखास विचारते, "सर, घरात आम्ही दखनी बोलतो. मराठी शाळेत पोराचा घोळ होईल का?"

या प्रश्नावर मला अकबर बादशहा आठवतो. कुणी काहीच शिकवलं नाही तर माणूस कोणती भाषा बोलेल, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी तान्ह्या बाळांना बोलण्याच्या आवाजापासून दूर ठेवण्यात आलं. बदायुनीने या जागेचा उल्लेख 'गुंग महल' असा केला आहे. अबुल फजल लिहितो की १५८२ साली बादशहा तिथे गेला, तेव्हा एकाही मुलाच्या तोंडून बोली निघाली नाही. भाषा कानातून येते, हे सिद्ध झालं. किंमत त्या लेकरांनी मोजली.

गेल्या पन्नास वर्षांत कुणाला मुकं न करता हाच शोध पुढे गेला. १९७१ मध्ये पीटर आयमास यांनी दाखवलं की महिन्याच्या बाळालाही 'ब' आणि 'प' यांतला फरक कळतो. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीचे 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना ते वेगळे ओळखता आले. वर्षाच्या आसपास ती ओळख पुसली गेली. कानावर जे पडत नाही, ते मेंदू सोडून देतो. २००८ मध्ये तर दोन-तीन दिवसांच्या बाळांचा मेंदू 'मु-बा-बा' अशी पुनरावृत्ती टिपतो, हे दिसलं.

आणि घोळाचं काय? २०१० च्या अभ्यासात, गरोदरपणी इंग्रजी आणि टागालोग अशा दोन भाषा बोलणाऱ्या आयांची नवजात बाळं दोन्हींकडे ओढली गेली, आणि दोन्ही वेगळ्या ओळखूही शकली.

बी.एड. होऊन नवा नवा लागलो होतो तेव्हा मी एका पालकांना ठामपणे सांगितलं होतं, "घरात फक्त मराठीच बोला." त्यांनी ऐकलं. घरातल्या दादीला मराठी येत नव्हती. ती नातवासमोर गप्प बसू लागली. तो सल्ला चुकीचा होता, हे आज कबूल करतो.

आपल्याकडे बाळ जन्मलं की कानात अजान देतात. त्या कानात दादीची दखनीही पडू द्या, शेजारच्या काकूंची मराठीही. दोन्हींना जागा आहे.