कोट पडला, ट्राम आली

मुंबईंतील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला गेली. रूळ गेले, वाट राहिली. आणि ती वाट समजून घेण्यास सायकलीसारखें दुसरें साधन नाहीं. आम्हां बारामती-इंदापुराकडच्या लोकांना मोकळ्या सडकेची संवय; म्हणून रविवारची पहाट साधून मी कुलाब्याहून पायधुणीकडे निघालों. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची पहिली ट्राम याच दोन ठिकाणांमध्यें क्रॉफर्ड मार्केटवरून सुरू झाली. दुसरा फांटा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस येई.

पायांना प्रथम जाणवतें तें हें कीं, या वाटेवर चढ म्हणून नाहीं. भरलेला डबा घोड्यांनीं ओढावयाचा, तर रस्ता असाच सपाट हवा. परंतु वाट येथूनच कां गेली, याचें उत्तर घोड्यांपाशीं नाहीं. तें कोटाच्या तटापाशीं आहे. सर बार्टल फ्रियर १८६२ त गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकीर्दींत हे तट पाडण्यांत आले. तोंपर्यंत कोटांतील पेढ्या-कचेऱ्या आणि उत्तरेकडील दाट देशी वस्ती यांच्यामध्यें भिंत, खंदक आणि मोकळें मैदान होतें. तट पडून दहा-बारा वर्षें होतात न होतात तोंच तेथून ट्राम धांवूं लागली. पुस्तकांत ही गोष्ट एका ओळींत उरकते. सायकलीवर ती कोटांतून कोठेंही न अडतां बाहेर पडतांना कळते.

भाडें आरंभीं तीन आणे होतें. (तिकीट मात्र देत नसत!) लोक बसूं लागतांच तें दोन आण्यांवर आलें. तरीहि हा प्रवास कारकुनाचा आणि व्यापाऱ्याचा. हमाल त्या वाटेनें ओझें घेऊन पायींच जात असावा, असें मला वाटतें.

बोरीबंदराशीं वाचकानें क्षणभर थांबून तेथील भव्य स्टेशन मनांतून पुसून टाकावें. पहिली ट्राम गेली तेव्हां तें नव्हतें; त्याचें बांधकाम १८७८ त सुरू झालें. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, मात्र उभें होतें. पुढें पायधुणी. भरतीचें पाणी तुडवून आलेले लोक येथें पाय धूत, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात.

७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली आणि मार्ग उत्तरेकडे वाढत गेला. दादरच्या चौकाला लोक अजून ‘टी. टी.’ म्हणतात. तीं अक्षरें ‘ट्राम टर्मिनस’चीं, हें तेथें बसची वाट पाहणाऱ्या दोघां-तिघां विद्यार्थ्यांना मीं सांगितलें, त्यांना तें नवीन होतें.